वेरूळच्या वाटेवर इंजिन कोण थांबवतं?

दौलताबादचा किल्ला ओलांडून खुलताबादकडे जाणारा जुना रस्ता तटबंदीतल्या दिल्ली दरवाजातून जातो. दरवाजा हत्ती, घोडे आणि मेण्यांच्या मापाचा. त्यातून आता एर्टिगा, इनोव्हा, एसटी आणि ट्रॅव्हल्सची मिनीबस वाट काढतात. समोरून एखादं मोठं वाहन आत शिरलं की अलीकडच्या सगळ्यांनी थांबायचं. श्रावणातल्या सोमवारी घृष्णेश्वराच्या दर्शनाला अर्धा जिल्हा निघालेला असतो, तेव्हा हा खोळंबा लांबतच जातो. अशाच एका रांगेत आम्ही बसलो होतो त्या गाडीचं इंजिन आपसूक बंद झालं. पुढची गाडी हलली. आमच्या चालकानं ब्रेकवरचा पाय उचलला, इंजिन पुन्हा सुरू झालं. मध्ये अर्धा-पाऊण सेकंद गेला असेल. तेवढ्यात मागून तीन हॉर्न वाजले आणि चालकानं डॅशबोर्डावरचं एक बटण चिडून दाबलं. बटणावर गोल बाण आणि मध्ये इंग्रजी ‘ए’. ‘‘सकाळी दाबायचं राहिलं,’’ तो म्हणाला.

यंदाच्या अंकाचा विषय ‘थांबा’ आहे, असं संपादकांनी कळवलं होतं. इतर लेखक एसटीच्या थांब्यावर आणि आयुष्यातल्या विरामावर लिहिणार, हा अंदाज बांधून मी इंजिनाचा थांबा मागून घेतला. गाडी सिग्नलला उभी राहिली की इंजिन स्वतःहून बंद आणि पाय हलला की चालू, अशी ही यंत्रणा. कंपन्या तिला आयडल स्टार्ट-स्टॉप म्हणतात. संभाजीनगर ते वेरूळ या तीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात तिच्याबद्दल जेवढी मतं ऐकायला मिळतात, तेवढी कंपनीच्या माहितीपुस्तकात मावणार नाहीत.

बंद पडली की बंद केली?

लेण्यांच्या पार्किंगला चालकांचा एक कायमचा मुक्काम असतो. पाहुणे आत गेले की निदान दोन-तीन तास मोकळे. कैलास लेणं वरून खाली कोरत आणलेलं आहे हे गाइड आत सांगत असतो, तेव्हा बाहेर कुणी गाडी पुसतो, कुणी डबा उघडतो, कुणी पुढच्या भाड्याचा फोन घेतो. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, हे या मंडळींच्या आठवड्याचं पंचांग. दसऱ्यानंतर रस्त्याकडेला दौलताबादी सीताफळांच्या पाट्या लागतात आणि प्रत्येक ट्रिपला गाडीच्या डिकीत त्यांची भर पडते.

इथे स्टार्ट-स्टॉपचं नाव काढलं की पहिली तक्रार येते ती इज्जतीची. बॅटरी, पेट्रोल हे नंतर. आपल्याकडे ड्रायव्हिंग शिकताना पहिला धडा क्लचचा असतो आणि पहिली फजिती म्हणजे चौकात गाडी बंद पडणं. शेजारी बसलेला शिकवणारा ओरडतो, मागचे हॉर्न मारतात, रिक्षावाला वळून बघतो. ज्याची गाडी चौकात बंद पडत नाही तो ड्रायव्हर, ही व्याख्या गेली कित्येक वर्षं पक्की आहे. आता वीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाच्या हाताखाली गाडी स्वतःच बंद पडते आणि मागच्या सीटवरचे काका विचारतात, ‘‘काय झालं हो? बंद पडली का?’’ शेंद्रा, वाळूजच्या कारखान्यांत येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना या प्रकाराची सवय असते. पण देवदर्शनाला निघालेल्या कुटुंबाला प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं. एक मध्यमवयीन चालक म्हणाले, ‘‘साहेब, समजावण्यापेक्षा बटण दाबलेलं बरं. पाहुण्याला गाडीवर भरोसा पाहिजे.’’

दुसरी तक्रार एसीची आणि ती शंभर टक्के खरी. साध्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबतो आणि पंखा नुसती हवा फेकत राहतो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा एका मिनिटात हवा कोमट होते आणि मागून ‘एसी वाढवा ना’ अशी मागणी येते. आतलं तापमान वाढलं की यंत्रणा इंजिन स्वतःच चालू करते, पण तोवर पाहुण्याचा मूड गेलेला असतो. गंमत म्हणजे हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराचं स्ट्राँग हायब्रिड मॉडेल चालवणारे या गप्पांत गप्प बसतात. त्यांच्या गाडीत तर इंजिन दिवसातून शेकडो वेळा बंद-चालू होतं. पण कॉम्प्रेसर विजेवर चालतो, गाडी मोटरवर अलगद निघते, सेल्फचा खर्रर्र आवाज नाही की झटका नाही. इंजिन थांबतं याला कुणाचीच हरकत नसते. ते थांबल्याचं कळता कामा नये, एवढीच अट.

बटणाखाली काय चालतं

इंजिन बंद करण्याआधी गाडीचा कॉम्प्युटर दहा ठिकाणी चौकशी करतो. इंजिन पुरेसं तापलंय का? बॅटरीत दम आहे का? ब्रेकच्या बूस्टरमध्ये जोर शिल्लक आहे का? सीटबेल्ट लावलाय का, दार बंद आहे का, बॉनेट मिटलेलं आहे का? रस्ता फार चढाचा नाही ना? स्टिअरिंग वळवलेलं नाही ना? एसीची मागणी जास्त नाही ना? यातलं एकही उत्तर मनासारखं आलं नाही तरी इंजिन चालूच राहतं. म्हणून दौलताबादच्या घाटात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलेली गाडी सहसा बंद होत नाही. रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकतानाही अनेक गाड्या एकदा थांबल्यावर ठरावीक वेग गाठेपर्यंत पुन्हा इंजिन बंद करत नाहीत. ‘‘कधी होते, कधी होत नाही, काही नेम नाही,’’ असं चालक म्हणतात ते यामुळे. नेम असतो, पण तो गाडीला ठाऊक असतो आणि ती सांगत नाही. माझ्या मते या यंत्रणेचा सगळ्यात मोठा दोष हा अबोलपणाच आहे.

गिअरच्या गाडीत आणखी एक पेच. तिथे इंजिन बंद व्हायला गाडी न्यूट्रलमध्ये टाकून क्लचवरचा पाय काढावा लागतो. आपल्याकडचे निम्मे लोक सिग्नलला पहिला गिअर टाकून, क्लच दाबून, उडी घ्यायच्या तयारीत उभे असतात. त्यांच्या गाडीत ही यंत्रणा असूनही वर्षानुवर्षं जागी होत नाही. अशा एका एर्टिगाच्या मालकानं मला ठामपणे सांगितलं की त्याच्या गाडीत ‘तसलं काही’ नाही. बटण गिअरच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर होतं.

आणि सेल्फ? ‘‘दिवसातून शंभरदा सेल्फ मारला तर सेल्फ जाणारच की,’’ हे वाक्य प्रत्येक कोंडाळ्यात ऐकू येतं. जुन्या गाडीचा सेल्फ या गाडीत बसवला तर ते खरं ठरेल. पण या गाड्यांत सेल्फच वेगळा असतो: ब्रश जाड, दातेरी चक्र मजबूत, काही लाख वेळा सुरू करण्याच्या हिशेबानं बनवलेला. सुझुकीच्या माइल्ड हायब्रिडमध्ये तर पट्ट्यावरचा जनरेटरच मोटर बनून इंजिन चालू करतो, म्हणून आवाज येत नाही. इंजिनाच्या बेअरिंगवर काही कंपन्या जास्त टिकाऊ लेप देतात, कारण तेलाचा पडदा तयार होण्याआधीची ती क्षणभराची घासाघीस इथे रोजची असते.

बॅटरीचं मात्र चालक म्हणतात तेच बरोबर. या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही. ईएफबी किंवा एजीएम जातीची लागते आणि ती महाग असते. चार वर्षांनी बॅटरी बसली की मालक नेहमीच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे जातो, तो साधी बॅटरी टाकून देतो आणि ती वर्ष-दीड वर्षात राम म्हणते. दोष मग स्टार्ट-स्टॉपच्या नावावर. खरं तर बॅटरी म्हातारी होऊ लागली की यंत्रणा आपणहून काम थांबवते, तो आगाऊ इशाराच असतो. धक्का मारून गाडी चालू करण्याच्या आठवणी ज्यांच्या पाठीत अजून आहेत, त्यांना हा इशारा उपयोगी पडावा. पण बटण रोज सकाळी दाबून टाकणाऱ्याला तो दिसणार कसा?

दहा मिलिलिटर

उभी असलेली छोटी पेट्रोल गाडी तासाला अर्धा ते पाऊण लिटर पिते. म्हणजे साठ सेकंदांच्या सिग्नलला साधारण दहा मिलिलिटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं तर एक रुपया. जालना रोडवर क्रांती चौकापासून मुकुंदवाडीपर्यंत रोज ये-जा करणाऱ्याला दिवसाला वीस थांबे लागले तर वीस रुपये, वर्षाकाठी पाच-सहा हजार. ही रक्कम फेकून देण्यासारखी नाही. पण तोच माणूस वेरूळला निघाला, नगर नाका ओलांडून पडेगाव, मिटमिट्याच्या पुढे गेला की सिग्नल जवळजवळ संपतात. पुढे बचतीला जागाच नसते. चालकांची मतं या एका गोष्टीवरून अशी दुभंगतात की ऐकणाऱ्याला वाटावं दोन वेगळ्या यंत्रांबद्दल बोलताहेत.

त्याहून मोठी फट आहे ती पैसा कुणाच्या खिशातून जातो याची. स्वतःची गाडी स्वतः चालवणारा टॅक्सीवाला अ‍ॅव्हरेज दशांशात सांगतो. तो सिग्नलला चावीच फिरवतो, त्याला यंत्रणेची गरज नाही. वाळूजला बनणारी बजाजची रिक्षा चालवणारेही हेच करतात. सिग्नलवरचा सेकंदांचा आकडा साठच्या वर दिसला की हात चावीवर जातो, दहा उरले की पुन्हा चालू. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना १९७८ पासून सांगत आली ते हेच. दिल्लीत ऑक्टोबर २०२० मध्ये सरकारनं सिग्नलला गाडी बंद करण्याची मोहीम चालवली, तीही याच सवयीसाठी. दहा सेकंदांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करणं परवडतं, असा साधा आडाखा आहे.

मालकाची गाडी पगारावर चालवणाऱ्याचं गणित निराळं. डिझेल मालकाचं, बॅटरीही मालकाची, पण गाडी रस्त्यात बंद पडली तर शिव्या ड्रायव्हरच्या. वाचलेले वीस रुपये त्याला दिसत नाहीत, पाहुण्याचा वैताग दिसतो. त्यानं बटण दाबलं तर त्यात आळस नाही, अडाणीपणा नाही, सरळ हिशेब आहे. सीएनजीवाल्यांना या वादाशी देणंघेणंच नाही. मारुतीच्या सीएनजी एर्टिगाला हायब्रिड नाही, त्यामुळे बटणही नाही. भाड्याच्या गाड्यांत सीएनजीचा सुळसुळाट झाल्यापासून पार्किंगमधले अर्धे लोक नुसते श्रोते असतात.

दुचाकीवर मात्र हेच तंत्र गाजावाजा न करता रुळलं. हिरोनं २०१४ मध्ये स्प्लेंडर आयस्मार्टमध्ये ते आणलं: न्यूट्रलला काही सेकंद उभी राहिली की बंद, क्लच दाबला की चालू. २०१९ची बीएस-६ अ‍ॅक्टिव्हा १२५ ते घेऊन आली. खुलताबादच्या बाजारात भाजी घेता घेता स्कूटर बंद होते, मूठ पिळली की निघते, कुणी त्यावर वाद घालत नाही. कारण उघड आहे. दुचाकीला एसी नाही, मागे पाहुणा नाही, आणि हँडलवरचं स्विच जिथे ठेवाल तिथेच राहतं. कारचं बटण मात्र प्रत्येक वेळी इंजिन सुरू केलं की पुन्हा मूळ जागी येतं. आज नको म्हटलेलं उद्या पुन्हा हजर.

चाचणीतला सिग्नल

कारचं बटण असं परत का येतं, याचं उत्तर रस्त्यावर नाही, प्रयोगशाळेत आहे. गाडीचं प्रमाणित मायलेज रोलरवर मोजतात. आपली चाचणी ज्या युरोपीय चाचणीवरून बेतली, तिच्या ११८० सेकंदांपैकी जवळजवळ पाव वेळ गाडी नुसती उभी असते. तेवढा वेळ इंजिन बंद राहिलं की कागदावरचा आकडा सुधारतो. शिवाय भारतात २०१७ पासून लागू झालेल्या सरासरी इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांत, म्हणजे ‘कॅफे’त, ब्रेकची ऊर्जा परत मिळवणं, टायरच्या हवेवर नजर ठेवणं, सहा किंवा जास्त गिअर आणि स्टार्ट-स्टॉप या तंत्रांना सवलत मिळते. मोजणी यंत्रणा चालू ठेवून झाली असेल, तर ग्राहकाच्या हातातही ती चालूच असायला हवी. म्हणून बटणाला स्मरणशक्ती नाही. काही मंडळी बाजारातून छोटं उपकरण आणून ती बसवतात, काही बॉनेटच्या सेन्सरची वायर काढतात आणि मग डॅशबोर्डावर दिवे लागले म्हणून वॉरंटीसाठी भांडतात.

कल्पना जुनी आहे. १९७३च्या तेलटंचाईनंतर टोयोटानं १९७४ मध्येच क्राउन गाडीत असा प्रयोग केला. १९९०च्या दशकात फोक्सवॅगनच्या गोल्फ इकोमॅटिकला गिऱ्हाइकांनी फारसं विचारलं नाही. आपल्याकडे २००८च्या सुमारास महिंद्रानं ‘मायक्रो हायब्रिड’ नावानं ती स्कॉर्पिओत आणली, म्हणजे नाशिकच्या कारखान्यातून निघणाऱ्या गाडीत. २०१५ मध्ये मारुतीनं आधी सियाझमधून आणि मग एर्टिगातून ती मध्यमवर्गाच्या दारात नेली. आणि मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे प्रमुख ली झेल्डिन यांनी, ही गोष्ट सगळ्यांनाच नकोशी आहे आणि आपण ती दुरुस्त करणार, असं जाहीर केलं. पर्यावरण खात्याच्या प्रमुखानं इंधन वाचवणाऱ्या बटणावर तोंडसुख घ्यावं हे नवलच. पण वेरूळच्या पार्किंगमध्ये त्यांना भरपूर मतं मिळाली असती एवढं खरं.

घाट उतरताना

जुन्या डिझेल गाड्यांवर वाढलेल्या चालकांचा एक नियम आहे: टर्बोची गाडी लगेच बंद करायची नाही. घाट चढून खुलताबादला भद्रा मारुतीपाशी थांबलं की पाहुणे उतरेपर्यंत मिनिटभर इंजिन चालू ठेवायचं. यामागे शास्त्र आहे. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, तेलावर तरंगतो. इंजिन झटकन बंद केलं तर तेल थांबतं आणि तापलेल्या भागात जळून चिकटतं. सुमो, टवेराच्या काळात या चुकीनं कितीतरी टर्बो गेले. आता टर्बोभोवती पाणी खेळवतात, काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही विजेचा पंप चालू राहतो, आणि इंजिन फार तापलेलं असेल तर कॉम्प्युटर ते थांबवतच नाही. पण ज्यानं एकदा टर्बोचं बिल पाहिलंय, त्याला हे पटवणं सोपं नाही, आणि त्याचा नियम पाळल्यानं नुकसानही काही नाही.

याच घाटात मात्र दुसरी एक जुनी सवय आहे, ती पाळू नये अशी. खुलताबादच्या पठारावरून वेरूळकडे उतार लागला की न्यूट्रल मारायची, आणि धीट गडी असेल तर चावीच बंद करायची. ‘‘उताराला डिझेल कशाला जाळायचं?’’ स्टार्ट-स्टॉपला नावं ठेवणारेच काही जण हे अभिमानानं सांगतात. यंत्रणा इंजिन बंद करते ती गाडी उभी असताना किंवा थांबतच आली असताना, ब्रेकचा जोर तपासून. चालत्या गाडीत चावी फिरवली की बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरताच जोर उरतो, पॉवर स्टिअरिंग जड होतं, आणि चावी जास्त मागे गेली तर काही गाड्यांत स्टिअरिंग लॉक होतं. वाचतं तर काहीच नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन आपोआप बंद होतं. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते लागतं. ही गोष्ट मी एका जाणत्या चालकाला सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, चहा संपवला आणि म्हणाले, ‘‘तुमचं बरोबर असेल सर, पण आम्ही लहानपणापासून असंच उतरतो.’’

पार्किंगमधली दुपार

सिग्नल, घाट, दरवाजा यांच्यावर एवढं बोलून झाल्यावर दुपारी दोन वाजता पार्किंगमध्ये जरा फिरून बघावं. काचा वर, इंजिन चालू, एसी चालू, सीट मागे टाकून चालक झोपलेला, अशा गाड्या दिसतात. रात्रभर पुणे किंवा मुंबईहून गाडी आणलेली असते, संध्याकाळी शिर्डी गाठायची असते. झोप इथेच काढायची. सीटबेल्ट काढला, दार उघडलं की स्टार्ट-स्टॉप यंत्रणा बाजूला होते, त्यामुळे इंजिन सुखेनैव चालू राहतं. एसी लावून उभी असलेली गाडी तासाला लिटरभर इंधन सहज घेते. म्हणजे दोन तासांच्या झोपेला दोनशेएक रुपये, अर्थात सिग्नलच्या दोनशे थांब्यांची बचत. शिवाय बंद काचांत चालू इंजिन ठेवून झोपणं जीवावर बेतू शकतं. एक्झॉस्टमध्ये गळती असेल तर कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय आत येतो.

उलट गोंधळही होतो. रांगेत इंजिन आपोआप थांबलेलं असतं, चालक गाडी बंद आहे असं समजून पट्टा काढून उतरतो, दर्शनाच्या रांगेची चौकशी करतो. गाडी मात्र बंद नसते. वीज चालू असते, दिवे, पंखा, स्क्रीन सगळं बॅटरीवर. परत येईपर्यंत बॅटरी डाऊन, आणि आता ब्रेक सोडून ती चालू होत नाही, कारण पट्टा सुटल्यावर यंत्रणेनं अंग काढून घेतलेलं असतं.

मला या सगळ्या मतांत यंत्राला विरोध कमी दिसला. न विचारता घेतलेल्या निर्णयाला विरोध जास्त दिसला. कंपन्यांनी दोन गोष्टी केल्या तर निम्मी कुरबुर संपेल: इंजिन का थांबलं नाही हे पडद्यावर साध्या मराठीत लिहावं, आणि एसीचा कॉम्प्रेसर विजेवर घ्यावा. दुसरी गोष्ट महाग आहे, पण पहिलीला खर्च किती येणार? तोवर वाचकहो, तुम्ही गाडी भाड्यानं घेऊन वेरूळला जाल तेव्हा सिग्नलला इंजिन थांबलं तर ‘बंद पडली का’ असं विचारू नका. आणि शहरातल्या चालकांना, विशेषतः ज्यांचं डिझेल मालक भरतो त्यांना, निदान हिवाळ्यात ते बटण न दाबून पाहा असं सुचवा.

इंधनाची खरी गळती मात्र पार्किंगमध्ये आहे, आणि ती बटणानं थांबणारी नाही. तमिळनाडू सरकारनं २०२३ मध्ये बांधकामाच्या नियमांत बदल करून हॉटेलांना पाहुण्यांच्या चालकांसाठी झोपण्याची आणि आंघोळीची सोय बंधनकारक केली. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या पर्यटनस्थळी, वेरूळपासून सुरुवात करून, पंखे, पिण्याचं पाणी आणि पाठ टेकायला ओटा असलेली चालकांसाठीची जागा हवी. पर्यटन खातं, देवस्थानं आणि टूर कंपन्यांनी मिळून ती करावी. दोन तासांची एक झोप तिथे गेली तर दोन लिटर वाचतात.